पोथीची ओटी

गेल्या महिन्यात एक पत्र आलं. ज्या संस्थेत मी माझी उमेदीची वर्षं घातली, तिथल्या जुन्या दप्तराची म्हणे आता नव्यानं मांडामांड चाललीय. पत्र लिहिणारी मुलगी संशोधक आहे आणि तिची भाषा गोड आहे. सत्तरच्या दशकातल्या नोंदवह्या इतक्या नेटक्या आहेत की बघत राहावं, असं तिनं लिहिलंय. अक्षर तर छापल्यासारखं. आणि मग हळूच एक शंका विचारलीय. दाखल क्रमांक एकतीस, ताडपत्री पोथी, जुनी कन्नड लिपी. दर वर्षीच्या तपासणीत 'स्थिती: चांगली' अशी नोंद आहे, पण पोथी कपाटात नाही आणि बाहेर गेल्याचीही नोंद नाही. आपल्याला याबद्दल काही आठवतं का?

न आठवायला काय झालं? ते अक्षर माझंच आहे.

सोलापुरात शुक्रवार पेठेत वडिलांचं मसाल्याचं छोटं दुकान होतं. पुड्यांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडात, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं. 'धणे' वाकडं लिहिलं तर वडील पुडी फोडून नवीन बांधायला लावायचे. अशानं अक्षर वळणदार झालं. पुढं मला कळलं, की चांगल्या अक्षराच्या माणसानं काय लिहिलंय ते कुणी बघत नाही, कसं लिहिलंय तेवढंच बघतात. माझं पोट या एका गोष्टीवर भरलं.

संस्था विद्यापीठाची, काम प्राचीन धर्मग्रंथांच्या अभ्यासाचं, आणि जागा नवी पेठेच्या मागच्या अंगाला एका कापडदुकानाच्या माडीवर. खाली लुगड्यांची घासाघीस चालायची, वर आम्ही मोक्षाचा विचार करायचो. विद्यापीठ लांब, आम्ही त्याचं शेपूट. माणसं तीन. साहेब, शिपाई आणि मी. साहेब संस्कृतचे पंडित, पुण्याकडून आलेले. सोलापूरचं ऊन कुणीतरी मुद्दाम त्यांच्यावर सोडलंय, असा त्यांचा समज होता. शिपाई विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, माग बंद पडला म्हणून इकडं लागलेला. मला घेतलं ते मला जुनं कन्नड वाचता येतं म्हणून. साहेब त्या लिपीला जिलेबी म्हणायचे. "घ्या, तुमची जिलेबी आली," असं म्हणून पोथी माझ्याकडे सरकवायचे आणि स्वतःच्या विनोदावर हसायचे. मीही हसायचो. अकरा महिन्यांच्या हुकमावर असलेल्या माणसाला साहेबांचे विनोद कळावेच लागतात.

माझं काम असं होतं. गावोगाव जायचं, कुणाच्या देवघरात पोथ्या आहेत ते शोधायचं, त्या मिळवायच्या, देणगीपत्रावर सही घ्यायची, आणून नंबर चिकटवायचा आणि नोंदवहीत चढवायचं. वर्षातून एकदा विद्यापीठाची समिती तपासणीला यायची. पन्नास पोथ्या जमल्या तर माझी जागा कायम करायची शिफारस करू, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. देणगीपत्रात शेवटचा रकाना होता, 'अट असल्यास'. तिथं काही लिहिलेलं असलं, तर ती पोथी मोजणीत धरायची नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी अक्कलकोटच्या बाजूला एका गावात गेलो. एसटीतून उतरलो तेव्हा रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं बसली होती आणि त्यांच्यात शाळेचा हेडमास्तरही होता, हजेरी लावायला. त्यानंच सांगितलं, की घाणेवाल्याच्या घरात जुनी पोथी आहे. आमच्यासारखंच शिवाला मानणारं घर. नवरा तेलाचा घाणा चालवायचा आणि श्रावणात मठात पोथी वाचायचा. बायको गोरी, ठसठशीत, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. मी कुठला, कुणाचा, आईचं माहेर कुठलं, हे तिनं चहा उकळेपर्यंत काढून घेतलं. तिच्या आजोळच्या गावी माझी एक आत्या दिलेली निघाली. झालं. मी तिचा तम्मा झालो, म्हणजे धाकटा भाऊ. ती माझी अक्का. आणि नवऱ्याला मी दाजी म्हणायला लागलो, तसा तोही मला मिश्कीलपणे "पावणं" म्हणायला लागला. अर्ध्या तासात आमचं नातं लागलं. आमच्याकडे हे असंच असतं आणि तेव्हा मला ते कामी आलं.

पोथी मी मांडीवर घेऊन उघडली. दोन्ही बाजूंना शिसवी पाट्या, मध्ये दीडेकशे पानं, एकेक पान वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद. अक्षरं लोखंडी लेखणीनं कोरलेली, त्यात काजळी भरलेली. पानं इतकी जुनी, पण विड्याच्या कोवळ्या पानासारखी वाकत होती. एक वास येत होता, गवती चहाचा आणि कापराचा.

"तेलाचा वास हाय त्यो," दाजी म्हणाला. "दर श्रावणात पैल्या सोमवारी हिला तेल लावतो आमी. तिळाचं, घाण्यावरचं. त्यात गवती चा आन् कापूर मुरवायचा. ताडाचं पान हाय, पावणं. तेल न्हाय मिळालं तर मरतंय."

घाणा त्या वर्षी बंद होता. बियाच नव्हत्या. केम स्टेशनावर अक्काचा भाऊ रेल्वेत होता, त्याच्याकडे जाऊन राहायचं ठरलं होतं. पाऊसपाणी होईपर्यंत घराला कुलूप. देवघरातले देव बरोबर नेणार होते, पण पोथीला प्रवास सोसायचा नाही, आणि कुलूपबंद घरात दिव्याशिवाय तिला कसं ठेवायचं, हा घोर दोघांनाही लागला होता. अशा वेळी मी दारात उभा राहिलो. देवानंच पाठवला, असं अक्का म्हणाली. देवाचं नाव अशा वेळी लोक फार घाईनं घेतात.

"तुमच्याकडं कपाट हाय न्हवं?" दाजीनं विचारलं.

"लोखंडी आहे, दाजी. कुलपाचं."

"मग ऱ्हाऊ दे तितं. श्रावणात मी येतो न्यायला."

"या की," मी म्हणालो.

हे 'या की' मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडात कोंबलं नाही. आणि लगेच पिशवीतून देणगीपत्र काढून मांडीवर घेतलं. नाव, गाव, पोथीचं वर्णन, पानं किती. शेवटच्या रकान्याशी आलो. तिथं 'दर श्रावणात परत द्यावी' असं लिहायला चार शब्द पुरले असते. माझ्या डोळ्यांसमोर साहेबांची मोजणी उभी राहिली. मी लिहिलं, 'बिनशर्त'. वळणदार, ठळक. दाजीला मराठी चांगलं वाचता यायचं. पण त्यानं वाचलं नाही. कागद हातात घेऊन नुसता बघत राहिला. "अक्षर काय सुरेक काडताय हो पावणं! ए, बग की गं," असं म्हणून त्यानं तो बायकोला दाखवला आणि खाली कन्नडात सही केली.

मग अक्कानं पोथीची ओटी भरली. त्या भागात ही रीत होती, आणि ती मला लहानपणापासून ठाऊक होती. पोथी घराबाहेर निघाली, दुसऱ्या गावच्या मठात वाचायला गेली, तर ती सासरी निघालेल्या लेकीसारखी जाते. पाट्यांना हळदकुंकू लावायचं, खण, नारळ, हळकुंड, मूठभर तांदूळ बरोबर द्यायचे. आणि पंचमीला लेकीला आणायला जसा माहेरचा मुराळी जातो, तसा पोथीला आणायला घरचा माणूस जायचा. कागद नाही, सही नाही. ओटी भरून आलेली पोथी त्या मुलखात आजवर कुणी ठेवून घेतली नव्हती. तीच त्यांची पावती आणि तीच अट. दाजीनं माझा कागद वाचला नाही तो अडाणीपणानं नव्हे. त्याच्या लेखी खरा कागद त्या खणात बांधलेला होता, आणि समोर बसलेला माणूस त्यांच्यातलाच असल्यानं त्याला तो वाचता येतो, अशी त्याची खात्री होती. मला येतच होता.

तांदूळ घरात नव्हते. अक्कानं ज्वारीचे दाणे हळदीत घोळवून घातले. इरकली खण हिरवा होता, लाल काठाचा. बांधून झाल्यावर तिनं गाठोड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तम्मा, परक्या घरात चाललीय. तू हायस म्हणून लावून देतोय."

मला गहिवरून आलं होतं, हे खरं आहे. गहिवर आला म्हणून माणूस नीट वागतो असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी माडीवर गाठोडं सोडलं. साहेबांनी नारळ शिपायाकडून फोडवून घेतला आणि तिघांनी खोबरं खाल्लं. ज्वारीचे दाणे खिडकीतून चिमण्यांना गेले. पाट्यांवरचं हळदकुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढलं, कारण तसा नियम होता. खण शिपायानं टेबल पुसायला घेतला आणि पुढं दोन वर्षं तो टेबलाच्या दांडीवर लटकत होता. पोथीला कोऱ्या मांजरपाटात बांधून मी एकतीस नंबर चिकटवला आणि नोंदवहीत लिहिलं, 'स्थिती: उत्तम'. ही एकच नोंद खरी होती.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पंचमीच्या दोन दिवस आधी दाजी माडीचा जिना चढून आला. धुवट धोतर, नवा पटका, हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि पंचमीचे लाडू. मुराळी जातो तसा थाटात आला होता. जिन्यातूनच हाक मारली, "पावणं! लेकीला न्यायला आलोय बगा!"

साहेबांना आधी विनोदच वाटला. मग त्यांनी चष्मा काढला. "पोथी घेऊन जाणार? कुठं? ही आता विद्यापीठाची मालमत्ता आहे." त्यांनी फाईल मागवली. ती मीच काढून दिली. देणगीपत्र समोर धरून त्यांनी बोट ठेवलं. "बिनशर्त. वाचता येतं ना?"

दाजीनं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, जरा गोंधळून. "पावणं, तुमी सांगा की साहेबास्नी. श्रावणात नेतो म्हनलो हुतो न्हवं मी? तुमी या की म्हनलासा."

 खाली दुकानात कुणीतरी कापड टराटरा फाडत होतं. शेवटी मी म्हणालो, "दाजी, कागदावर तसंच आहे."

"कागदावर तुमीच लिवलंय की," तो म्हणाला.

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही चढवला असता. त्यानं लाडू टेबलावर ठेवले, नारळ परत नेला. लाडू फार छान झाले होते. साहेब म्हणाले, "या लोकांना समजावून सांगावं लागतं." या लोकांना! आणि मी मान डोलावली.

त्याच्या पुढच्या श्रावणात तो पुन्हा आला. या वेळी पोथी मागायला नव्हे. धोतराच्या सोग्यात गुंडाळून त्यानं एक बाटली आणली होती, बुचाची. साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, पोथी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मी मागत न्हाय. पर तेल तेवडं लावू द्या. हितंच बसतो, तुमच्या म्होरं. दोन तासाचं काम हाय."

साहेब कुठल्याशा शिबिरात हस्तलिखितं जपायचं शिकून आले होते आणि परत येऊन त्यांनी नियम टंकून भिंतीवर लावले होते. हस्तलिखितांना तेल, पाणी, हळद, कुंकू लावू नये. डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात. शिबिरात शिकवलं ते कागदाच्या पोथ्यांसाठी. साहेब म्हणजे उंटावरचे शहाणे, त्यांनी ते सगळ्यांना लावलं.

"कागूद येगळा आन् ताड येगळा, साहेब," दाजी म्हणाला. "सात पिड्या ती तेलावर जगलीया."

"शास्त्रीय पद्धत आम्हाला ठाऊक आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

ताड वेगळा असतो हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. त्यातला एक बोलला. मी त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेलो, तेव्हा त्यानं बाटली माझ्या हातात दिली. "तुमीच लावा, गुपचूप. पैल्या सोमवारी. पुसताना लांबीनं पुसा, आडवं न्हाय. आडवं पुसलं तर अक्षरातली काजळी निगती." मी म्हणालो, लावतो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अजून त्याचा माझ्यावर विश्वास होता. मला त्याची चीडच आली, इतका कसा हा माणूस भोळा?

पहिल्या सोमवारी साहेब जेवायला गेले तेव्हा मी बाटलीचं बूच काढलं. खोलीभर कापूर आणि गवती चहा झाला. मी घाबरलो. साहेब आले की वास येणार, विचारणार, आणि समिती तोंडावर आली होती. मी बूच लावलं आणि बाटली टेबलाच्या खणात ढकलली. पुढच्या सोमवारी बघू, म्हणालो. श्रावणात सोमवार चारपाच असतात. तेही गेले.

कपाटाच्या बिजागऱ्या त्या सुमारास फार कुरकुरायच्या. दार उघडलं की माडीभर किंकाळी. समितीसमोर हे बरं दिसणार नाही, असं साहेब दोनदा बोलले. आता इथं शिपायानं केलं असं सांगता आलं असतं, तो काही उठून उत्तर द्यायला येणार नाही. पण ते मीच केलं. खणातली बाटली काढली आणि पिसानं बिजागऱ्यांना तेल सोडलं. दार लोण्यासारखं फिरायला लागलं. साहेबांनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "छान. कुठलं तेल?" मी म्हणालो, "घरचं."

त्या दिवसापासून कपाट उघडलं की तोच वास यायचा, पोथीचा. म्हणजे आता पोथीला तेल लावलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. सबबसुद्धा उरली नव्हती. तरी मी लावलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती एकदा अंगवळणी पडली की तिला कारण लागत नाही, एवढंच.

समितीतल्या एका सभासदानं कपाटाचा वास घेतला आणि "निगा चांगली राखलीय" असा शेरा दिला. माझी जागा कायम झाली. आईनं गल्लीत पेढे वाटले.

दाजी परत आला नाही, पण तेल येत राहिलं. दर श्रावणाच्या आधी एक पोस्टकार्ड यायचं आणि चार दिवसांनी नवी पेठेत कापड घ्यायला येणारा कुणी गावकरी बाटली ठेवून जायचा. कार्डावर बारीक अक्षरात तेच. तेल पाठवले आहे. पहिल्या सोमवारी लावावे. लांबीने पुसावे. लेकीची खुशाली कळवावी. ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक पडायचा, तसा तो त्या कार्डांनाही पडला. आणि प्रत्येकावर मी वळणदार अक्षरात शेरा मारला, 'दप्तरी दाखल'. ज्यांनी दप्तरात काम केलंय त्यांना ठाऊक आहे, याचा अर्थ काही करायचं नाही असा होतो. त्या मुलीनं नीट शोधलं तर ती कार्डं तिला सापडतील. खुशाली एकदाही कळवली नाही.

तेलाचं काय केलं? बिजागऱ्या, कडी, माझ्या सायकलची साखळी. एकदा आईचे गुडघे धरले होते, तेव्हा तिलाही चोळलं. "कुठलं रे तेल? वास किती देवाघरचा आहे!" आई म्हणाली.

पोथी दर वर्षी तपासायची असायची. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी मांजरपाटाची दोरी आवळली, तेव्हा आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. मी हात काढून घेतला. त्यानंतर ते गाठोडं मी कधी सोडलं नाही. बाहेरून बघायचं आणि वरच्या वर्षीचं खाली उतरवायचं, 'स्थिती: चांगली'. कुंपणानंच शेत खाल्लं की शेताची राखण फार व्यवस्थित दिसते.

दशक सरत आलं तेव्हा साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि संस्थेचा कार्यभार माझ्याकडे आला. किल्ल्या माझ्या, शिक्का माझा. पोथी परत द्यावी असं मनात आलं असतं, तर एका ओळीच्या पत्रानं काम झालं असतं. मनात आलं नाही असंही नाही. पण द्यायची म्हणजे आधी गाठोडं सोडायला हवं होतं.

त्या श्रावणात पोस्टकार्ड आलं नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी अक्का आली. जिना चढताना दम लागला होता. कपाळावर विभूती तशीच, गळा मोकळा. मी उठून उभा राहिलो.

"मालक गेलं, तम्मा. माघात," ती म्हणाली. शिपायानं पाणी दिलं, ते तिनं प्यायलं. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "जाताना म्हनलं, यंदा तू जा. लेकीला बगून ये. न्यायची न्हाय, मला ठावं हाय. नुसती बगती." पिशवीतून तिनं एक नवा खण काढला. "जुना तुज्याकडं असंलच. पर म्हनलं, नवा घालावा."

मी किल्ली घेतली. काही तरी कारण काढून तिला परत पाठवता आलं असतं. किल्ली हरवलीय, समिती आलीय. इतकी वर्षं मी दुसरं केलं काय होतं? पण ती आधीच उठून कपाटापाशी जाऊन उभी राहिली होती.

दार उघडलं. वास आला. अक्काचा चेहरा असा उजळला की मी तो बघायला नको होता. "लावतायसा की तेल!" ती म्हणाली. "आन् मालक उगाच घोर लावून घ्यायचं. रातच्याला म्हनायचं, त्यो पोरगा लावत नसंल गं. मी म्हनायची, तम्मा हाय माजा, लावतोय."

मी गाठोडं टेबलावर ठेवलं. दोरी सोडली. मांजरपाट उघडला आणि वरची पाटी उचलली. पाटीला चिकटून पहिलं पान आलं आणि मध्येच मोडून खाली पडलं. अक्कानं ते उचलायला बोटं लावली तशी त्याची आणखी चार झाली, वाळलेली कुरडई मोडावी तशी. खालची पानंही तशीच होती. कुठं अर्धी ओळ, कुठं नुसता अक्षराचा पाय. डांबराच्या गोळ्यांचा भुगा सगळ्यांवर पसरलेला.

 अक्कानं नाक वर केलं, वास कुठून येतोय ते बघितलं, आणि कपाटाशी गेली. बिजागरीवर बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. ते तिनं हुंगलं. दार एकदा मिटवलं, एकदा उघडलं.

"लई गुणाचं कपाट हाय," ती म्हणाली. "आवाज बी करत न्हाय."

शिपाई बाहेर निघून गेला. मी म्हणालो, "अक्का, घेऊन जा. न्या तिला. मी बघतो कागदाचं."

"आता न्या म्हनतोस व्हय?"

 तिनं नवा खण टेबलावर पसरला. एकेक तुकडा उचलून त्यात ठेवला, घाई न करता, तांदूळ निवडावेत तसा. ठेवायच्या आधी बिजागरीचं ते तेलकट बोट एका तुकड्यावरून फिरवलं, लांबीनं, आडवं नाही. दोन्ही पाट्या वर ठेवल्या, गाठ मारली. जिन्याच्या तोंडाशी मी सवयीनं म्हणालो, "या, अक्का." आमच्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. ती काहीच म्हणाली नाही. खाली कापडदुकानात पंचमीच्या खरेदीची गर्दी होती, तिच्यातून ती गाठोडं छातीशी धरून गेली.

संध्याकाळी नोंदवही उघडली. पोथी बाहेर गेली असं लिहायचं तर कुणाच्या हुकमानं, कोणत्या स्थितीत, हे सगळं लिहावं लागणार होतं. वरच्या वर्षीची ओळ होतीच. मी ती खाली उतरवली, 'चांगली', आणि पुढंही बदली होईपर्यंत दर वर्षी उतरवत राहिलो. रिकाम्या जागेची स्थिती.

त्या मुलीला हे सगळं लिहायला बसलो होतो. चार पानं झाली, तीच ही. तिला पाठवली ती मात्र एकच ओळ, परवा, पोस्टकार्डावर: 'वयोमानामुळे सदर पोथीबद्दल काही आठवत नाही, क्षमस्व.' तिकडं त्या कार्डाला आवक क्रमांक पडेल आणि ते दप्तरी दाखल होईल. अक्षर अजून चांगलं आहे.